सर्पगंधा, स्वीडनचे ससे आणि ॲसिडिटीची गोळी

मंडळी, आजकाल डोपामीन, म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन, म्हटलं की लोकांना मोबाईल आठवतो. रील बघितलं की डोपामीन, पाणीपुरी खाल्ली की डोपामीन, आणि मग रविवारी फोन कपाटात ठेवून 'डोपामीन डिटॉक्स'. चालू द्या. पण मी न्यूरोलॉजीची ओपीडी करणारा माणूस, माझ्याकडे येतात ते खरोखर डोपामीन कमी झालेले, म्हणजे पार्किन्सनचे पेशंट, आणि त्यातला क्वचितच कोणी "डॉक्टर, आनंद वाटत नाही" म्हणत येतो. शर्टाचं बटण लागत नाही, बँकेत सही जुळली नाही म्हणून चेक परत आला (अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं ना), चालताना एक हात हलतच नाही, बायको म्हणते हल्ली चेहऱ्यावरून काही कळतच नाही यांच्या. बरेच जण तर खांदा दुखतो म्हणून आधी हाडाच्या डॉक्टरांकडे कितीतरी महिने शेक घेऊन आलेले असतात. कंप असतो, पण सगळ्यांना नसतो, हे लक्षात ठेवा.

आता डोपामीन कमी झालं की हालचाल अडते ही गोष्ट कळली कशी, तर त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेचं मूळ वैद्य लोक झोपेसाठी, वेड्यासाठी कधीपासून देत होतेच. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की याने बीपी उतरतं, आणि जगाचं लक्ष गेलं. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातून रेसरपीन वेगळं काढलं, ते जगभर बीपीला आणि मानसिक आजारांना दिलं जायला लागलं, आणि मग दिसलं की काही पेशंट सुस्त होतात, आखडतात, अगदी पार्किन्सनसारखे दिसायला लागतात.

स्वीडनमध्ये लुंडला आर्विद कार्लसन म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ मध्ये हेच रेसरपीन सशांना दिलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान पडलेले, हलायला तयार नाहीत. मग त्यांनी एल-डोपा टोचलं. सरळ डोपामीन का नाही, तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही, मेंदूची गाळणी त्याला अडवते, एल-डोपा मात्र आत जातं आणि तिथे त्याचं डोपामीन होतं. थोड्या वेळात ससे उठून फिरायला लागले! तोपर्यंत पुस्तकात डोपामीन म्हणजे नॉरॲड्रेनलीन नावाचं दुसरं रसायन बनतानाची एक मधली पायरी, त्याला स्वतःचं काही काम असेल असं कोणी धरतच नव्हतं. १९६० च्या लंडनच्या परिषदेत तर मोठमोठ्या लोकांनी कार्लसनना मनावरच घेतलं नाही. नोबेल मिळालं २००० मध्ये.

पण मला जास्त आवडतो तो व्हिएन्नाचा प्रसंग. ओलेह होर्नीकीविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या माणसांचे मेंदू मिळवले, त्यातला स्ट्रायटम नावाचा, हालचाल सांभाळणारा भाग घेतला, आणि डोपामीन असेल तर गुलाबी रंग येईल अशी रासायनिक टेस्ट लावली. निरोगी मेंदूच्या नमुन्याला गुलाबी रंग आला, पार्किन्सनच्या नमुन्याला जवळजवळ काहीच नाही. मशीनची गरजच नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. हे १९६०. लगेच पुढच्या वर्षी बिर्कमायर या डॉक्टरांबरोबर त्यांनी पेशंटना एल-डोपा शिरेतून दिलं आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली, अर्थात काही तासांपुरती. रोज घेता येईल असा गोळीचा डोस बसवला अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी, १९६७ मध्ये, हळूहळू वाढवत. पुढे त्यात कार्बिडोपा मिसळलं, म्हणजे औषध मेंदूबाहेरच खर्च होत नाही आणि उलट्याही कमी होतात.

मेंदूच्या देठात सबस्टन्शिया नायग्रा म्हणून एक काळपट पट्टा असतो, हे डोपामीन तिथल्या पेशी बनवतात आणि स्ट्रायटमला पुरवतात. त्या मरत जातात, पण निम्म्याच्या आसपास जाईपर्यंत हालचालीत फारसं काही दिसत नाही. वास न येणं, बद्धकोष्ठ, झोपेत लाथा झाडणं हे मात्र कधी कधी कितीतरी वर्षं आधीपासून चालू असतं.

आणि आनंदाचं काय? तर माकडांवरच्या प्रयोगांत वोल्फ्रम शुल्ट्झ यांना दिसलं की या पेशी अनपेक्षित रस मिळाला की पेटतात, रस येणार हे ठरूनच गेलं की रसाला ढिम्म. म्हणजे चवीपेक्षा अंदाज चुकण्याशी संबंध जास्त. प्रामिपेक्सोलसारख्या, डोपामीनची नक्कल करणाऱ्या पार्किन्सनच्या गोळ्यांवर एखादा सरळमार्गी मास्तर ऑनलाईन रमीच्या नादी लागतो, ते याच वाटेवरचं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण पेशंट स्वतःहून सांगत नाही.

आता ॲसिडिटीची गोळी. लेवोसल्पिराइड मिसळलेल्या पित्ताच्या गोळ्या, चक्करेची सिनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, ही सगळी कमीजास्त डोपामीनचा रस्ता अडवतात. आजी चक्कर येते म्हणून गोळी सुरू करते, बरं वाटतं, मग तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षभर आणत राहते, आणि आमच्याकडे येते तेव्हा पावलं घासत. गोळी बंद केली की बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतं, सगळ्यांचं नाही. मनोविकाराच्या औषधांचंही असं होऊ शकतं, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

बोला काका. जेवणाबरोबर पार्किन्सनची गोळी घेतली की लागू पडत नाही? बरोबर आहे तुमचं. डाळ, पनीर, दूध, अंडं यातलं प्रोटीन आणि लेवोडोपा (म्हणजे तेच एल-डोपा) एकाच दारातून आत जायला भांडतात. जेवणाआधी अर्धा तास, आणि रोज त्याच वेळेला. उशीर झाला की दुपारीच जखडायला होतं.

आणि ताई, तुम्ही खाजकुयलीचं विचारलंत. हो, त्या बियांत खरंच एल-डोपा असतं, १९३७ मध्येच आपल्याकडे दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते वेगळं काढलं होतं. पण प्रत्येक चूर्णात ते सारखं नसतं. सिंडोपा, म्हणजे एल-डोपा आणि कार्बिडोपाची गोळी, चालू असताना वरून चमचाभर चूर्ण घेतलं तर हातपाय वेडेवाकडे हलायला लागतात किंवा उठताना बीपी पडतं. घेत असाल तर लपवू नका, डब्बा घेऊन या, डोस त्या हिशेबाने बघू.