माझगावची नौका आणि ३१ मार्च

नमस्कार श्रोतेहो.

हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला सकाळची लोकल थांबली, की खांद्याला डब्याची पिशवी अडकवलेली माणसं भराभर जिना उतरून माझगाव डॉकच्या दिशेनं निघतात. त्याच गोदीत बांधलेल्या ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी १५ जानेवारी २०२५ रोजी इथं मुंबईतच नौदलात दाखल झाल्या. अशी एक नौका पुरी व्हायला कितीतरी वर्षं जातात. तिच्यासाठीचा पैसा मात्र लोकसभेकडून दर वर्षी नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो, आणि ३१ मार्चपर्यंत जो खर्ची पडला नाही तो परत जातो.

ही मंजुरी मिळते कशी? १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटींहून अधिक रक्कम ठेवली. त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, तर नौका, विमानं, तोफा अशा भांडवली खर्चाचे १ लाख ८० हजार कोटी. हा पैसा ‘अनुदानाच्या मागण्या’ म्हणून लोकसभेपुढे येतो. राज्यसभेत चर्चा होते, पण मत देता येत नाही. राज्यघटनेच्या ११३व्या कलमानुसार लोकसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते, कमीही करू शकते. वाढवू मात्र शकत नाही.

सरकारचं संरक्षण धोरणच पटत नसेल, तर खासदार कपात प्रस्ताव देऊन म्हणू शकतो, ‘ही मागणी एक रुपयावर आणा.’ हजारो कोटींच्या जागी एक रुपया! केवढं मोठं हत्यार आहे हे. पण ते वापरायला चर्चा तर व्हायला हवी. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. २०१८ मध्ये तर सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या अशा, चर्चेविना मंजूर झाल्या. संरक्षणाच्याही. मला ही गोष्ट फार लागते.

खरी झाडाझडती होते ती संरक्षणविषयक स्थायी समितीत. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, असे ३१ सदस्य बंद दाराआड अधिकाऱ्यांना प्रश्न विचारतात आणि अहवाल देतात. भांडवली खर्चासाठी ३१ मार्चला न बुडणारा वेगळा निधी हवा, असं या समितीनं पुन्हा पुन्हा सांगितलंय. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो.

मुंबईतून सहा खासदार लोकसभेत जातात. मी माझ्या खासदारांना पत्र लिहायला घेतलंय. त्यात एकच प्रश्न आहे: त्या न बुडणाऱ्या निधीबद्दल तुम्ही सभागृहात कधी बोलणार?

नमस्कार.