जवळ गेल्यावर काय दिसतं?

एखादी नवी काचेची बिल्डिंग लांबून बघा, भारीच वाटते, तिच्यात आकाश दिसतंय, ढग सरकतायत वगैरे. आता तिच्या अगदी जवळ जा, हात लागेल इतकं. काय दिसलं? आपलाच चेहरा. बस.

जुन्या दगडी इमारतीचं उलट असतं, लांबून आकार, थोडं पुढं गेलं की कमानी, खिडक्या, अजून जवळ गेलं की दगडावरचे छिन्नीचे घाव, म्हणजे चालता चालता डोळ्याला काही ना काही मिळत राहतं. त्यात भिंत जाड, खिडकी आत खोल बसलेली, तिथं सावली पडते आणि दिवसभर सरकत राहते. सपाट काचेवर सावलीला थांबायला जागाच नाही.

यावर सगळे शिव्या घालतात त्या सुरुवातीच्या मॉडर्न आर्किटेक्ट लोकांना. आडॉल्फ लोस तर पहिला आरोपी, नक्षीची तुलना थेट गुन्ह्याशी करणारा. व्हिएन्नात राजवाड्यासमोर त्यानं इमारत बांधली १९१० च्या आसपास, वरच्या खिडक्यांना काहीच नटवणं नाही, लोक तिला 'भुवया नसलेलं घर' म्हणायला लागले. पण गंमत म्हणजे त्याच इमारतीच्या खालच्या भागाला हिरव्या शिरांचा असा देखणा संगमरवर लावलाय की नक्षीची आठवणसुद्धा येत नाही!

दुसरा मीस व्हान डेर रोह. न्यूयॉर्कची सीग्रॅम बिल्डिंग, १९५८, ३८ मजले. आगीच्या नियमांमुळे पोलादी सांगाडा काँक्रीटमध्ये झाकावा लागला, तर यानं बाहेरून ब्राँझचे उभे बीम लावले, जे बिल्डिंगचं वजन अजिबात पेलत नाहीत. म्हणजे नक्षीच झाली की हो ती, फक्त कुणी तसं म्हणायचं नाही.

पुढच्यांनी यातला साधेपणा तेवढा उचलला, कारण तो स्वस्तात पडतो, संगमरवर आणि ब्राँझ गेलं बाजूला. १९५९ मध्ये फ्लोट ग्लासची पद्धत जाहीर झाली, वितळलेल्या कथलावर काच तरंगवायची की ती आपोआप सपाट, मग मोठ्या काचा सोप्या झाल्या, एसी तर आधीपासून होताच, त्यामुळे खिडक्या कायमच्या बंद. आता खाली उभं राहून वर बघितलं तर पडदा हलत नाही, कुणी डोकावत नाही, आत माणसं आहेत का तेच कळत नाही.

सीग्रॅमचं ब्राँझ हिरवं पडू नये म्हणून त्याला अजूनही तेल लावून पुसतात.