पैसे ईमेलचे, वाटा दुकानाचा

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

ईमेलसाठी पैसे कशाला मोजायचे, असं तुम्हाला वाटत असेल. जाहिराती नेमक्या दाखवता याव्यात म्हणून जीमेलचं यंत्र आपली पत्रं चाळत असे. ते थांबवत असल्याचं गूगलने 2017 मध्ये जाहीर केलं. ज्यांना असली देवाणघेवाणच नको असते, ते सरळ वर्गणी भरतात. मला हा व्यवहार स्वच्छ वाटतो.

जून 2020 मध्ये बेसकॅम्प कंपनीने 'हे' नावाची ईमेल सेवा आणली, वर्षाला 99 डॉलर. पैसे संकेतस्थळावर भरायचे आणि आयफोनवर नुसतं लॉगिन करायचं. ॲपलने आपल्या ॲप स्टोअर या दुकानासाठी पहिली आवृत्ती मंजूर केली आणि पुढची, दुरुस्त्यांची, अडवली. कारण ॲपमध्ये ॲपलमार्फत पैसे भरायची सोय नव्हती. ती द्यायची तर पहिल्या वर्षी 30 टक्के, म्हणजे जवळजवळ 30 डॉलर ॲपलला जाणार. नेटफ्लिक्ससारख्यांना या अटीतून सूट होती, ईमेलला नाही! बेसकॅम्पवाले जाहीरपणे भांडले. शेवटी ॲपमधून 14 दिवसांचा फुकट, तात्पुरता पत्ता द्यायचा, अशी तडजोड निघाली.

पण मला 30 टक्क्यांपेक्षा तोंडबंदी जास्त खुपते. 'आमच्या संकेतस्थळावर पैसे भरा' हे ॲपमध्ये लिहायचीच मनाई होती. राम मारुती रोडवर गाळा घेतलात तर मालक भाडं मागणारच. पण गिऱ्हाइकाला स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, अशी अट तुम्ही मान्य कराल का? एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात 2021 साली अमेरिकी न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ही मनाई उठवायला सांगितली. ॲपलने बाहेरची लिंक देऊ केली, पण तिच्यावरही 27 टक्के लावले. एप्रिल 2025 मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आदेशभंग ठरवला, आणि माझ्या मते योग्यच केलं.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअर या ॲपच्या दुकानात गूगलमार्फतच पैसे घेण्याच्या सक्तीवरून गूगलला 936 कोटींचा दंड केला. अपिलात तो सुमारे 216 कोटींवर आला. दुसऱ्या पद्धतीने पैसे घ्यायची मुभा गूगलने दिली, पण शुल्कात सवलत फक्त चार टक्क्यांची. पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे वळते करणाऱ्या मधल्या कंपनीचा, खर्च वजा करून वागळे इस्टेटमधल्या छोट्या ॲपवाल्याच्या हाती त्यातलं काय उरणार? शुल्काच्या याच वादात 1 मार्च 2024 रोजी भारत मॅट्रिमनी, नोकरी अशी ॲप प्ले स्टोअरवरून काढली गेली. केंद्र सरकार मध्ये पडलं, तेव्हा ती परत आली. मोठ्यांसाठी मंत्री धावले. छोट्यासाठी कोण धावणार?

तुम्ही एक करू शकता. वर्गणी भरण्याआधी ब्राउझर उघडून त्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा दर बघा. ॲपलमार्फत पैसे भरलेत, तर परतावा ॲपलकडेच मागावा लागतो. सेवा देणाऱ्याची इच्छा असली तरी तो व्यवहार त्याच्या हातात नसतो.