सशाचं काळीज आणि दहा मात्रा

[पडदा काळा. ढोलाच्या लाकडावर काठीचा एक ठोका. पाठोपाठ पोटातून उचललेला जाड, खरखरीत सूर.]

निवेदन:

पान्सोरी हे कोरियन कथागायन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की गायिकेचा घसा बसलाय. तो बसलेला नाही, वर्षानुवर्षं रियाज करून असा घडवलेला आहे. नुसत्या गोड आवाजाने इथे भागत नाही. एकाच गळ्यातून म्हातारा राजा, घाबरलेला ससा आणि डरकाळी फोडणारा वाघ काढायचा असतो. जुने गायक धबधब्याजवळ जाऊन गायचे, पाण्याच्या गर्जनेवर स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. तेव्हा पहिली वीस मिनिटं उठू नका. कान बसायला तेवढा वेळ लागतो.

[प्रकाश. रिकामा रंगमंच, एक चटई.]

ही पान्सोरी. ‘पान’ म्हणजे माणसं जमतात ती जागा, ‘सोरी’ म्हणजे आवाज. उभा राहून गाणारा एक गायक, त्याच्याकडे तोंड करून बसलेला एक ढोलवादक, पायाखाली चटई, हातात पंखा, एवढाच संसार. पंखा मात्र बरीच कामं करतो. तो मिटला की आंधळ्याची काठी होतो, उघडला की पत्र, आडवा धरून मागेपुढे ओढला की भोपळा कापायची करवत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कोरियाच्या नैऋत्य भागात ही कला आकाराला आली. एकेकाळी बारा कथा गायल्या जात, आज परंपरेने चालत आलेल्या पाच उरल्यात. दक्षिण कोरियाने १९६४ मध्ये पान्सोरीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला, २००३ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली.

पाचांपैकी आधी कोणती ऐकावी? बहुतेक पर्यटक ‘छुन्ह्यांगगा’कडे जातात, कारण ती प्रेमकथा आहे आणि सगळ्यात प्रसिद्ध आहे. पण सगळ्यात लांबही तीच. सबंध गायली तर आठ तासांपर्यंत जाते. मराठी माणसाने ‘सुगुंगा’पासून सुरुवात करावी. कारण साधं आहे: गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

समुद्राचा नागराजा आजारी पडतो. औषध एकच, सशाचं काळीज. कासव जमिनीवर जातं, गोड बोलून सशाला पाठीवर बसवून आणतं. महालात पोचल्यावर ससा म्हणतो, अरेरे, आधी सांगायचंत ना, काळीज तर मी घरीच ठेवून आलो! ओळखलंत? पंचतंत्रातलं माकड मगरीला हेच सांगतं, काळीज जांभळाच्या झाडावर राहिलं म्हणून. जातककथांमध्येही ही गोष्ट आहे, आणि बौद्ध ग्रंथांबरोबर ती कोरियापर्यंत गेली असं अभ्यासक मानतात. तिकडे काळीज म्हणजे यकृत, पंचतंत्रात हृदय. मराठीत दोन्हीला काळीजच म्हणतात, त्यामुळे आपली सोय झाली.

[ढोल जवळून. डावा पंजा चामड्यावर, उजव्या हातात काठी.]

आता ढोलाकडे बघा. हा ‘बुक’, आणि वाजवणारा ‘गोसू’. डावा हात मोकळा, तो चामड्यावर खर्जातला आवाज काढतो. उजव्या हातातली काठी कधी चामड्यावर पडते, कधी थेट लाकडी अंगावर. तिकडे म्हणच आहे: पहिला गोसू, दुसरा गायक. गायकाचा श्वास कुठे संपणार हे गोसूला आधी कळतं. म्हणून जागा निवडताना गोसूचे हात दिसतील अशी निवडा. गायकाचा चेहरा कुठूनही दिसतो.

मुख्य कथेआधी गळा तापवायला एक छोटं गाणं होतं, ‘दांगा’. पाहुणे या वेळात मोबाइल बंद करत बसतात. तसं करू नका, ताल पकडायची सगळ्यात चांगली संधी हीच असते. दांगा बहुधा ‘जुंगमोरी’ तालात असतं: १२ मात्रा, तीन-तीनचे चार भाग. आपल्या एकतालाच्या १२ मात्रा आठवतील, पण त्याच्या टाळ्या-खाली इथे शोधू नका. पहिल्या मात्रेला गोसूचे दोन्ही हात एकदम पडतात. मग नववी मात्रा धरा, तिथे काठी लाकडावर खणकन वाजते. त्यानंतरच्या तीन मात्रांत वाक्य सुटतं, गायक श्वास घेतो.

[आवाज: जुंगमोरीची दोन आवर्तनं, नववी मात्रा ठळक.]

या सुटलेल्या जागेतच श्रोत्याचं काम सुरू होतं.

पान्सोरीत गप्प बसून ऐकणं म्हणजे अर्धवट ऐकणं. ओळ संपली की गोसू आणि श्रोते मोठ्याने दाद देतात. तिला ‘छुइमसे’ म्हणतात. शब्द मोजकेच आहेत: ‘ऑलशिगू’, ‘जोथा’, ‘जालहान्दा’, ‘कुरॉछी’. ऑलशिगू हा आनंदाचा उद्गार. जोथा म्हणजे छान, जालहान्दा म्हणजे झकास गातेस, कुरॉछी म्हणजे अगदी बरोबर. पोवाड्यातल्या झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ ज्याच्या कानात आहे त्याला यातलं काही परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथे झील धरायचा हक्क तिकीट काढून बसलेल्या माणसालाही आहे.

चुका होतात त्या वेळेच्या. सूर लांबवलेला असताना ओरडलात तर तो सूर मारलात. ओळीच्या मध्ये बोललात तर शब्द गेले. शेवटच्या दोन-तीन मात्रांत, श्वासाच्या फटीत, एकच शब्द, आखूड आणि पोटातून. दुसरी चूक सुराची. आई-बापाच्या ताटातुटीचा प्रसंग चालू असताना लग्नाच्या वरातीसारखं ‘ऑलशिगू!’ शोभत नाही. तिथे ‘जोथा’च म्हणायचं, पण खालच्या पट्टीत, सुस्कारा टाकल्यासारखं. तिसरी चूक परदेशी पाहुण्यांची खास: ठेक्यावर टाळ्या वाजवत बसणं. गोसू मुद्दाम कमी ठोके देतो, मोकळ्या मात्रा गायकासाठी राखतो. टाळ्यांनी नेमक्या त्याच बुजतात.

पहिली १५ मिनिटं फक्त गोसूचे उद्गार ऐका. त्याने दाद दिली ती जागा मनात नोंदवा, पुढच्या आवर्तनात तिथेच द्या. जमलं की कळतं, कारण गायक तुमच्याकडे बघतो. उत्तम श्रोत्याला कोरियन भाषेत वेगळा शब्दच आहे, ‘ग्वीम्योंगछांग’. कानाचा उस्ताद म्हणा हवं तर.

[पंखा उघडतो. गायिका वाकून, हनुवटी पुढे काढून चालते.]

सुगुंगातला ज्या प्रसंगाची सगळे वाट बघतात तो हा. हनुवटीने जमीन रेटत डोंगर चढून चढून कासवाचा जबडा आखडलाय. समोर ससा दिसतो. त्याला हाक मारायची ‘थो-सेंगवॉन’, म्हणजे ससेराव. आखडलेल्या तोंडातून निघतं ‘हो-सेंगवॉन’, म्हणजे वाघोबाराव. आयुष्यात कोणी ‘राव’ न लावलेला वाघ खूश होऊन डोंगरावरून खाली येतो. २०२० मध्ये कोरियाच्या पर्यटन जाहिरातींतून इनालची या बँडने हाच प्रसंग जगभर पोचवला.

पारंपरिक गायनात वाघ येतो तो ‘ऑन्मोरी’ तालात. १० मात्रा, विभागणी ३-२-३-२. झपताल २-३-२-३ असतो. तो तिसऱ्या मात्रेपासून मोजायला लागा, हीच विभागणी मिळते. फक्त लय चढी ठेवा. कोरियन शब्द कळला नाही तरी वाघाचं पाऊल कुठे पडतं ते कळेल.

मध्येमध्ये गाणं थांबून साधं बोलणं येतं, ते ‘आनिरी’. गायक तिथे गळ्याला विसावा देतो, गोष्ट पुढे ढकलतो आणि विनोदही तिथेच करतो. भाषा न येणाऱ्याची सगळ्यात जास्त पंचाईत इथे होते. उपाय एकच, प्रसंगांची यादी क्रमाने लिहून जवळ ठेवायची. शब्दश: भाषांतर वाचत बसलात तर गाणं हातचं जाईल. शिवाय शब्दांत जुने चिनी-कोरियन संदर्भ इतके असतात की आजच्या कोरियन श्रोत्यालाही ते सगळे कळत नाहीत.

[मेट्रो. ३ नंबरची लाईन.]

सोलमध्ये दोन ठिकाणं पुरेशी आहेत, दोन्ही मेट्रोच्या ३ नंबरच्या लाईनवर. नामसान डोंगराच्या उतारावरचं राष्ट्रीय नाट्यगृह १९८४ पासून ‘वानछांग’ भरवतं, म्हणजे एक कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्टेशन दोंगुक विद्यापीठ. तिथून चढ आहे, वेळ राखून निघा. दुसरं, सोचो भागातलं राष्ट्रीय गुगाक (म्हणजे पारंपरिक कोरियन संगीत) केंद्र, स्टेशन नांबू बस टर्मिनल. इथे एकाच संध्याकाळी पान्सोरीचा तुकडा, नाच, वाद्यवृंद असं मिश्र ताट मिळतं. चव बघायला ते ठीक, पण पान्सोरी तासाभराने चढते आणि तुकडा त्याआधीच संपतो.

तिकिटाची अडचण ठरलेली आहे. कोरियन संकेतस्थळं कोरियन मोबाइल क्रमांकावर ओळख पटवून मागतात, आणि तिथे भारतीय कार्ड-फोन अडकतो. इंग्रजी पान असेल तर तिथूनच काढा, नाहीतर नाट्यगृहाच्या खिडकीवर पासपोर्ट घेऊन जा. चालत जायच्या रस्त्यासाठी नेव्हर किंवा काकाओ या कोरियन ॲपचा नकाशा आधीच फोनवर घ्या.

दोन दिवस हातात असतील तर सोलच्या योंगसान स्टेशनवरून वेगवान रेल्वेने नामवॉनला जा, साधारण दोन तास. छुन्ह्यांगची कथा याच गावात घडते. तिचा नायक जिथे तिला पहिल्यांदा बघतो तो ग्वांगहाल्लू मंडप तळ्याकाठी उभा आहे. वाटेतलं जॉन्जू २००१ पासून सोरी महोत्सव भरवतं. तारखा दर वर्षी हलतात, विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघून घ्या.

[दिल्ली. सभागृहात खुर्च्या लावल्या जातात.]

कोरियाबाहेर, मग ती दिल्लीतल्या लाजपत नगरच्या कोरियन सांस्कृतिक केंद्राची संध्याकाळ असो की लंडनची, पान्सोरी बहुधा ‘नुन्देमोक’ म्हणून भेटते, म्हणजे कथेतले निवडक प्रसंग, तास-दीड तास. सभागृह मोठं असेल तर माइक येतो आणि ढोलाच्या लाकडाचा आवाज बोथट होतो, म्हणून पुढच्या रांगा धरा. अशा ठिकाणी श्रोते लाजतात आणि दाद देणारा गोसू एकटाच उरतो. कित्येक गायक सुरुवातीलाच चार उद्गार शिकवतात, सभागृहाकडून दोनदा म्हणवून घेतात, आणि मग गाणं सुरू झालं की सगळे पुन्हा गप्प. नववी मात्रा मोजा, श्वास सुटू द्या आणि म्हणा.

[आवाज: काठीचा ठोका. श्वास. मागच्या रांगेतून एकच आवाज: ‘जोथा!’]