शिंद्यांनी की शिंदेंनी?

पडद्यावर एक वाक्य आहे : "मोऱ्यांची दुरुस्ती सुरू आहे." बांधकाम खात्याची सूचना वाटते ना? आता पुढचं वाक्य वाचा : "मोऱ्यांकडे उद्या बारसं आहे." शब्द तोच, पण इथे मोरे कुटुंब आलं.

व्याकरणाच्या पुस्तकात राम आंबा खातो. त्या रामाला आडनाव नसतं, त्यामुळे ही भानगड तिथे उद्भवत नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं. त्यांचं आडनाव तर्खडकर, पण लोक त्यांना वडिलांच्या नावानेच ओळखतात. असो.

प्रत्यय लागण्याआधी मराठी शब्द आपलं रूप बदलतो. आंबे, आंब्यांना. त्याच चालीने फडके, फडक्यांना, गोखले, गोखल्यांना. शेवटी 'कर' असलेल्यांना विशेष तोशीस नाही : सावरकरांनी, आगरकरांनी. पाटलांची मात्र मधली 'ई' गळते.

जुन्या मराठीला यात काही वावगं वाटलं नाही. शिवाजी महाराजांनी 1656 साली जावळी घेतली, तो इतिहास "जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव" असाच सांगितला जातो. महादजी 1794 साली पुण्याजवळ वानवडीला वारले. तिथली त्यांची समाधी म्हणजे शिंद्यांची छत्री. रास्ता पेठेत रास्त्यांचा वाडा आहे. 'रास्तेंचा वाडा' म्हणून बघा, जीभ अडखळते.

मग 'शिंदेंनी', 'फडकेंनी' आलं कुठून? आडनाव जसंच्या तसं दिसावं, ही एक सोय. 'गोऱ्यांनी' लिहिलं तर डोळ्यांपुढे आधी इंग्रज येतात. बातमीदार या पेचातून 'गोरे यांनी' असं लिहून सुटतात. दुसरं कारण, माझ्या मते, मानाचं आहे. वर्गात "काय रे जोश्या" ऐकत मोठा झालेल्या माणसाला 'जोश्यांनी' हे रूप जरा एकेरी वाटत असावं, म्हणून तो 'जोशींनी' लिहितो. त्याला चूक म्हणायचं मला धाडस होत नाही. पण 'पाटीलांनी' कानाला खटकतं, कारण 'वकीलांनी' कोणी म्हणत नाही. वकिलांनी, तसं पाटलांनी.

नातू या आडनावाने तर नियमालाच चकवलंय. "नातवांनी घर विकलं" म्हटलं की आजोबांची काळजी वाटते. "नातूंनी घर विकलं" म्हटलं तर तो साधा व्यवहार. इथे आडनाव न वाकवण्यातच शहाणपण.

रूप एकदाचं ठरलं, तरी आडनाव बाई की बुवा ते सांगत नाही. ते काम क्रियापदाकडे. "कुलकर्णी आल्या" म्हटलं की बाई. "कुलकर्णी आले" म्हटलं तर साहेब एकटे असतील, नाहीतर जोडीने आले असतील. आणि "कुलकर्णी आला" म्हणणारा एकतर जुना मित्र, नाहीतर भांडून आलेला शेजारी. भविष्यकाळात क्रियापदही हात वर करतं. "कुलकर्णी उद्या येतील" असा निरोप आला, की फाटकावरचा माणूस विचारणारच : "साहेब की मॅडम?"