दोन इंच फोम आणि कोकणातली गाडी : मधु दंडवते

[दृश्य : स्लीपरचा डबा, खालचा बर्थ]

हा बर्थ नीट बघा. यावर आपण डबे उघडतो, पोरं पत्ते खेळतात, रात्री चादर टाकली की झोप लागते, आणि आपल्याला वाटतं हे असंच असणार ना, रेल्वेचा बर्थ म्हणजे असाच. पण 1977 च्या आधी सेकंड क्लासमधे इथे नुसती लाकडी फळी होती. मुंबई ते हावडा दीड दिवस या फळीवर अंग टाकायचं, आणि गाद्या होत्या फक्त वरच्या क्लासला. त्या फळीवर दोन इंच फोम ज्या रेल्वेमंत्र्याने घालायला लावला ते प्रा. मधु दंडवते. वरच्या क्लासला खाली आणायचं नाहीये, खालच्याला वर उचलायचंय, अशी त्यांची साधी भूमिका होती.

[दृश्य : जुने फोटो, एकामागून एक]

जन्म नगरचा, 1924 सालचा. फिजिक्स शिकले आणि मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला, म्हणजे बाबासाहेबांच्या संस्थेच्या कॉलेजात, वर्षानुवर्षं फिजिक्सच शिकवलं. बेचाळीसच्या चळवळीत होते, 1955 ला गोव्याच्या सत्याग्रहात तुकडी घेऊन गेले तेव्हा पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला, मग संयुक्त महाराष्ट्र. हे सगळं चालू असताना वर्गात तासही चालू, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण पुढे लोकसभेत त्यांचं भाषण ऐकायला सगळे थांबायचे ते याच शिकवायच्या सवयीमुळे, मुद्दा सुटा करायचा, आकडा ठेवायचा, आवाज न चढवता.

[दृश्य : राजापूर, बाजारपेठ आणि नदी]

हे राजापूर. जानेवारी 1971 मधे इथले खासदार बॅरिस्टर नाथ पै वारले आणि सगळं कोकण पोरकं झालं, कारण नाथ पै म्हणजे इथल्या घराघरातला माणूस. त्याच वर्षी निवडणूक, देशभर इंदिरा गांधींची लाट, आणि त्या लाटेत राजापूरने निवडून दिला नगरचा एक समाजवादी प्रोफेसर. 71, 77, 80, 84, 89, सलग पाच वेळा. पैशाच्या जोरावर नाही हो, तेवढे पैसे कुठे होते त्यांच्याकडे.

आणीबाणी लागली तेव्हा ते संसदीय समितीच्या कामाला बंगलोरला होते, वाजपेयी आणि अडवाणीही तिथेच, तिथूनच अटक. हे बंगलोरच्या जेलमधे आणि पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, दोघांमधे फक्त पत्रं.

77 ला जनता पक्षाचं सरकार आलं आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. 1974 च्या संपात ज्या रेल्वे कामगारांना नोकरीवरून काढलं होतं त्यांना परत घेतलं. रिझर्वेशन कम्प्युटरवर न्यायची तयारी त्यांच्या काळात सुरू झाली. 26 डिसेंबर 1977 ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली, सुपरफास्ट गाडी, आणि तिच्यात फर्स्ट क्लासच नाही, सगळे प्रवासी एकाच क्लासचे. आज हे नुसतं सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही.

[दृश्य : पानवलचा पूल, ड्रोनमधून]

आणि आता हा पानवलचा पूल, रत्नागिरीच्या जवळ, 64 मीटर उंच. गाडी यावरून जाते तेव्हा खिडकीतला माणूस बोलायचा थांबतो.

कोकणात रेल्वे म्हणजे किती पिढ्यांचं मागणं, बघा. मुंबईत गिरणीत आणि ऑफिसात कोकणी माणूस भरलेला, आणि गावी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट नाहीतर एस्टी, घाटात उलट्या करत. लाईन पनवेलच्या पुढे आपट्यापर्यंत येऊन थांबलेली. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा मंजूर झाली आणि 1986 ला गाडी रोह्याला पोचली. पण रोह्याच्या पुढे काय? पुढे डोंगर, खाड्या, आणि दिल्लीचं एकच उत्तर, पैसे नाहीत.

1989 ला व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. गाडी मागणारा आणि तिजोरीवाला दोघे जुने समाजवादी साथी, दोघांनाही ही लाईन हवी. मग मार्ग असा काढला की रेल्वेच्या बजेटची वाटच बघायची नाही, वेगळी कंपनी काढायची, केंद्राचा हिस्सा 51 टक्के, बाकी महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ, आणि उरलेला पैसा बाँड काढून बाजारातून उभा करायचा. जुलै 1990 मधे कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं, प्रमुख म्हणून रेल्वेतले इंजिनियर ई. श्रीधरन आले, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी.

[दृश्य : करबुडे बोगद्यात शिरणारी गाडी, इंजिनमधून]

साडेसहा किलोमीटरचा करबुडे. एकूण नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजाराच्या आसपास पूल. कातळ फोडता येतो हो, त्रास दिला तो मऊ मातीने, गोव्यातला पेडण्याचा बोगदा तर परत परत ढासळायचा आणि सगळी लाईन त्याच्यासाठी थांबलेली. शेवटी 1998 च्या जानेवारीत रोहा ते मंगळूर पूर्ण मार्ग सुरू झाला. या कामात कामगारांचे जीव गेले, हजारो लोकांच्या जमिनी गेल्या.

अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांनी सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला, शेतकऱ्यांची दहा हजारांपर्यंतची कर्जं माफ केली, तिजोरीवर त्याचा ताण आलाच. 1991 ला राजापूरने त्यांना पाडलं. पुढे नियोजन आयोगाचं उपाध्यक्षपद सांभाळलं. 2005 च्या नोव्हेंबरात मुंबईत गेले, देहदान केलेलं होतं.

[दृश्य : गणपतीतला जनरल डबा, दारापर्यंत माणसं]

हे गणपतीच्या गर्दीतलं. रोहा ते वीर दुसरी लाईन झाली 2021 ला, त्याच्या पुढे अजून बहुतेक सगळा मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाड्या उभ्या. चकाचक एसी गाड्या येताहेत, त्यांचं स्वागतच आहे, पण याच मार्गावर जनरल आणि स्लीपरचे डबे वाढवा, आणि दुहेरीकरण वीरच्या पुढे सरकवा, निदान चिपळूण-रत्नागिरीपर्यंत तरी, एवढं आमचं म्हणणं आहे.