ड्युटी लिस्ट लावणाऱ्या सिस्टर

हा कागद नीट बघा. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या कोविड वॉर्डातली २०२० ची ड्युटी लिस्ट. पेन्सिलने लिहिलीये, कारण संध्याकाळपर्यंत यातली काही नावं खोडावी लागायची, कुणी पॉझिटिव्ह, कुणी क्वारंटाइन. ती लावायच्या इन्चार्ज सिस्टर.

मार्चमध्ये लोकल बंद झाल्या त्या अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या थेट १५ जूनला, तोवर विरार-बदलापूरच्या सिस्टर बसने यायच्या, त्यामुळे लिस्ट लावताना आधी कोण कुठे राहतं ते बघायचं. त्यात पीपीई घातला की पाणी नाही, बाथरूम नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ८ तासांच्या ३ पाळ्यांच्या ६ तासांच्या ४ झाल्या, माणसं मात्र तेवढीच. मे महिन्यात तर राज्याने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या होत्या!

आता पीपीईच्या पाठीवर मार्करने लिहिलेली ही नावं बघा, नावाखाली ‘आयसीयू’ लिहिलंय. सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र) फक्त आयसीयूत काम केलेल्या सिस्टरकडे. नुकतीच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी असेल तर टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वास, बीपी, आणि इनटेक-आउटपुट म्हणजे पोटात किती गेलं, लघवी किती झाली. भरवणं, बेडपॅन, घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून देणं मावशींकडे. श्वास सुधारावा म्हणून पेशंटला पालथं करायचं असलं की मात्र सगळे एका बेडवर, त्याला ४-५ जण लागतातच.

आणि इन्चार्ज सिस्टरची काम सांगायची पद्धत ऐका. ‘लक्ष ठेव गं’ एवढ्यावर सोडत नाहीत. "चार नंबरच्या बेडचं ऑक्सिजन सॅच्युरेशन दर अर्ध्या तासाने लिही, नव्वदच्या खाली गेलं की लगेच मला हाक मार. काय करशील, सांग बघू." एन-९५ आणि फेसशील्डमधून अर्धं ऐकू येत नाही, म्हणून त्या मुलीकडून परत बोलून घेतात, आणि तासाभराने स्वतः येऊन चार्ट बघतात, कारण काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी त्यांचीच राहते. आम्हाला वाटतं आपत्तीचे आराखडे करताना बेड आणि ऑक्सिजनच्या हिशोबाला बसतात तेव्हा ही बाई त्या टेबलावर हवीच, कोण कुठे चालेल हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

लाट ओसरली तशी कंत्राटावर घेतलेल्या बऱ्याच मुलींची कंत्राटं संपली. नवी लिस्ट परत कायम स्टाफवरच लागली.